हिलरींचे तीन फर्ग्युसन: भुसभुशीत हिमात ट्रॅक्टरला पकड कशी मिळाली

४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळापाशी तीन ट्रॅक्टर येऊन थांबले. शेतात नांगर ओढण्यासाठी बनवलेले, पेट्रोलवर चालणारे, २८ हॉर्सपॉवरचे फर्ग्युसन. सोबत पाच माणसं होती: एडमंड हिलरी, पीटर मलग्रू, मरे एलिस, जिम बेट्स आणि डेरेक राइट. रॉस बेटावरच्या स्कॉट बेसपासून ते ८२ दिवसांत सुमारे १,२५० मैल, म्हणजे २,००० किलोमीटर, आले होते. १९१२ मध्ये ब्रिटिश संशोधक रॉबर्ट स्कॉट ध्रुवावर पोचले, त्यानंतर जमिनीवरून तिथे येणारी ही पहिलीच तुकडी. इंजिनाच्या बळावर येणारी तर जगातली पहिली.

हिलरी म्हटलं की आपल्याला एव्हरेस्ट आठवतं, तेनसिंग आठवतात. ट्रॅक्टरचा हा प्रवास मराठीत फारसा कुणी सांगत नाही. मला मात्र तो एव्हरेस्टइतकाच मोलाचा वाटतो. आमच्या घरी मॅसी, म्हणजे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर, होता. पावसाळ्यात काळ्या रानात तो रुतला की सगळी आळी दोर आणि फळ्या घेऊन धावायची. टायर जागेवर फिरायला लागलं की आजोबा ओरडायचे, ‘अरे थांब, खोल जातोय!’ त्या ओरडण्यामागचं शास्त्र मला पुढे शिकताना कळलं. आणि अंटार्क्टिकावर त्याच घराण्यातल्या ट्रॅक्टरपुढे तोच प्रश्न उभा होता हे वाचलं, तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

एक शब्दांची बाब आधी सांगतो. मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोठलेल्या पाण्यालाही. इथे तसं चालणार नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी जगं आहेत. म्हणून पडलेल्या, दाण्यादाण्यांच्या थराला ‘हिम’ म्हणतो आणि काचेसारख्या टणक थराला ‘बर्फ’.

मोहीम आणि ट्रॅक्टरचं काम

ही ब्रिटिश राष्ट्रकुलाची मोहीम होती. व्हिव्हियन फुक्स यांनी वेडेल समुद्राच्या बाजूने निघून, ध्रुवावरून जाऊन, रॉस समुद्राच्या बाजूला बाहेर पडायचं होतं. समोरून, म्हणजे न्यूझीलंडच्या बाजूने, हिलरींच्या तुकडीने इंधन-अन्नाचे डेपो लावत यायचं होतं. त्यांचं काम शेवटच्या डेपोपर्यंतचं होतं. पुढे ध्रुवापर्यंत जायचा निर्णय हिलरींचा, आणि त्यावर तेव्हा बरंच वादळ उठलं. त्या वादात मी इथे शिरत नाही. मला ट्रॅक्टरशी काम आहे.

फुक्स यांच्याकडे टकर कंपनीच्या चार स्नो-कॅट होत्या. त्या मुळात हिमासाठीच बनवलेल्या: चार कोपऱ्यांत चार स्वतंत्र चेनचे (रणगाड्याला असतात तशा पट्ट्यांचे) पाय, प्रत्येक पाय जमिनीच्या चढउताराप्रमाणे आपापला वरखाली डुलणारा. हिलरींच्या वाट्याला फर्ग्युसन आले, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याची चेनची गाडी, वीझल.

फर्ग्युसन टीई-२० हा इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेला ट्रॅक्टर. वजन जेमतेम अकराशे किलोच्या आसपास. इतका हलका ट्रॅक्टर शेतात मोठ्या ट्रॅक्टरच्या तोडीचा नांगर का ओढायचा, हे हॅरी फर्ग्युसन यांच्या तीन टेकूंच्या हायड्रॉलिक जोडणीत होतं. नांगर जमिनीत घुसून मागे ओढतो तेव्हा ती ओढ या जोडणीतून मागच्या चाकांवर वजन बनून उतरते. म्हणजे काम जितकं जड, तितकी चाकं जमिनीत अधिक दाबली जातात आणि पकड वाढते. आज आपल्याकडच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे हीच जोडणी असते. १९६० मध्ये चेन्नईत टॅफे ही ट्रॅक्टर कंपनी सुरू झाली आणि पुढे मॅसी फर्ग्युसन आपल्या शिवारात घरचा झाला, तो याच वंशातला.

पण अंटार्क्टिकावर नांगर नव्हता. मागे हुकाला बांधलेल्या स्लेज होत्या. स्लेज ओढताना या हायड्रॉलिक कल्पनेचा काही उपयोग नाही. शेतात हलक्या फर्ग्युसनला भारी करणारी करामत हिमावर गैरहजर होती, हे या प्रकरणातलं पहिलं आणि फार कमी लोकांच्या लक्षात येणारं सत्य आहे. अकराशे किलोच्या ट्रॅक्टरला तिथे खरोखर अकराशे किलोचंच बळ होतं.

आधी दोघांचं काय झालं होतं

ध्रुवीय संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन यांनी १९०८ मध्ये ॲरोल-जॉन्स्टन मोटारगाडी अंटार्क्टिकावर नेली. समुद्राच्या टणक बर्फावर ती थोडीफार धावली. मऊ हिमात चाकं बसली आणि विषय संपला. स्कॉट यांनी त्यातून धडा घेऊन वोल्सलीकडून चेनवर चालणाऱ्या तीन मोटर-स्लेज बनवून घेतल्या, १९१० मध्ये नॉर्वेत त्यांची चाचणीही घेतली. त्यातली एक जानेवारी १९११ मध्ये जहाजावरून उतरवताना समुद्राचा बर्फ फुटून तळाशी गेली. उरलेल्या दोन २४ ऑक्टोबर १९११ ला निघाल्या आणि काही दिवसांतच इंजिनं निकामी होऊन वाटेत सोडाव्या लागल्या.

त्या दोन मोटर-स्लेजबद्दल एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. हिमावर त्यांची चेन बऱ्यापैकी चालत होती. गुळगुळीत समुद्री बर्फावर मात्र चेन घसरत होती आणि माणसांना ढकलायला लागायचं. म्हणजे चेन लावली की पकड आली, हे अर्धंच खरं. हिमावर जे गुण ठरतं, ते बर्फावर कुचकामी ठरू शकतं.

चाकाखाली नेमकं काय होतं

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण याच्यावर उभं आहे.

यंत्र पुढे जातं तेव्हा ते पायाखालच्या थराला मागे ढकलतं. तो थर जितका जोर सहन करेल, तितकाच जोर यंत्राला मिळतो. त्याहून जास्त दिला की थर कापला जातो आणि चाक जागेवर फिरतं. हा जोर दोन गोष्टींतून येतो. एक, दाण्यांचा एकमेकांना असलेला चिकटपणा. तो जितक्या क्षेत्रफळावर पसरला, तितका उपयोगी पडतो. दोन, दाण्यांमधलं घर्षण. ते वरून पडणाऱ्या वजनावर ठरतं. बेकर नावाच्या पोलिश अभियंत्याने विसाव्या शतकाच्या मध्यावर हे गणित वाहनांना लावून दाखवलं. पुढे चंद्रावरच्या गाडीच्या चाकांपर्यंत ते गेलं.

चिकण मातीत चिकटपणा जास्त, म्हणून तिथे रुंद चेन भरपूर फायदा देते. कोरड्या वाळूत घर्षणच सगळं, तिथे वजन लागतं. ध्रुवीय पठारावरचं कोरडं, थंड हिम या बाबतीत वाळूच्या जवळचं. चिकटपणा अगदी थोडा. मग रुंद चेनचा उपयोग काय? तिचा मोठा उपयोग दुसऱ्या बाजूला आहे: ती यंत्राला बुडू देत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. चाकांवर उभ्या ट्रॅक्टरचं मागचं प्रत्येक टायर समजा ५०० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकलंय आणि दोन्ही टायरांवर मिळून ७०० किलो आहेत. दाब झाला चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो. उभा माणूस बुटांवर याच्या निम्मा दाबही देत नाही, तरी मऊ हिमात गुडघ्याइतका बुडतो. आता त्याच ट्रॅक्टरला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत चेन घातली. फर्ग्युसनच्या दोन आसांमधलं अंतर ७० इंच, म्हणजे १७८ सेंटिमीटर. चेन २५ सेंटिमीटर रुंद धरली तर दोन्ही बाजूंची मिळून जवळजवळ ९,००० चौरस सेंटिमीटर जागा. चेनच्या भारासकट १,४०० किलो धरले तरी दाब ०.१६ वर येतो. चौथ्या भागाहून कमी.

बुडणं हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. चाक जितकं खोल बसेल तितकं त्याला पुढचं हिम दाबत, ढकलत जावं लागतं, म्हणजे सतत एक चढ चढावा लागतो. हा अडथळा मिळालेल्या जोरातून वजा होतो. जे उरतं, तेच हुकाला लावलेल्या स्लेजच्या वाट्याला येतं. त्यात स्लेजचंही स्वतःचं रुतणं आहे. आणि फार थंडीत हिमावर स्लेजची पट्टी नीट घसरत नाही, कारण घसरण्यासाठी लागणारी पाण्यासारखी पातळ पापुद्री तयार होत नाही. उणे चाळीसला स्लेज वाळूवरून ओढल्यासारखी लागते. १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर स्कॉट यांच्या माणसांनी हेच भोगलं.

आणि आजोबांच्या ओरडण्यातलं शास्त्र हे: चाक किंवा चेन जागेवर फिरली की ती खालचे दाणे मागे फेकते आणि स्वतःसाठी खड्डा खणते. खड्डा वाढला की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की आणखी फिरते. मातीत निदान खाली कुठे तरी मुरूम लागतो. ध्रुवीय पठारावर खाली दोन-तीन हजार मीटर बर्फच आहे. वरच्या थरात एकदा पोट टेकलं की ट्रॅक्टर स्वतःहून कधीच निघत नाही.

ट्रॅक्टरवर काय काय केलं

न्यूझीलंडच्या तुकडीने १९५६ मध्ये आधी घरच्या टास्मान हिमनदीवर सराव केला आणि जानेवारी १९५७ मध्ये स्कॉट बेस उभारला. मार्च १९५७ मध्ये हिलरी, मलग्रू, एलिस आणि बेट्स फर्ग्युसन घेऊन केप क्रोझियरपर्यंत जाऊन आले. अंतर फार नव्हतं, पण खऱ्या थंडीत ट्रॅक्टर काय करतो आणि काय करत नाही, हे त्या फेरीत समजलं. त्यानंतरचा ध्रुवीय हिवाळा एलिस आणि बेट्स यांनी गॅरेजमध्ये घालवला. या प्रकरणाचे खरे नायक मला हे दोघं वाटतात.

पूर्ण चेन हा मुख्य बदल. या ट्रॅक्टरांना अर्धी चेन घालता येत होती, म्हणजे फक्त मागच्या चाकाभोवती, पुढची चाकं मोकळी. अर्ध्या चेनमध्ये ट्रॅक्टर सहज वळतो, पण पुढची बारीक चाकं मऊ हिमात बसतात. पूर्ण चेनमध्ये मागचं मोठं चाक, पुढचं लहान चाक आणि मध्ये बसवलेलं एक जादा चाक अशा तिघांवरून पोलादी आडव्या पट्ट्यांची साखळी फिरवली. मधलं चाक नसतं तर दोन चाकांमधली चेन वर उचलली गेली असती आणि भार टोकांवरच राहिला असता. वर केलेला ०.१६ चा हिशेब त्या मधल्या चाकाच्या भरवशावर आहे.

त्याची किंमत वळणात मोजावी लागली. पुढची चाकं चेनमध्ये अडकली म्हणजे स्टिअरिंग संपलं. मग वळायचं कसं? फर्ग्युसनच्या मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र ब्रेक आहेत. डावीकडे वळायचं तर डावा ब्रेक दाबायचा, डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) उजवी बाजू जोरात फिरते आणि ट्रॅक्टर वळतो. आपल्याकडे बांधाच्या कडेला कमी जागेत ट्रॅक्टर वळवताना शेतकरी हेच करतो. याच ब्रेकचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा: एक बाजू मऊ जागी फिरायला लागली की डिफरन्शियल सगळी ताकद तिकडेच वाया घालवतं. फिरणाऱ्या बाजूला हलका ब्रेक लावला की ताकद दुसऱ्या बाजूला जाते. डिफरन्शियल लॉक नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाचा पायच ते काम करतो. पण प्रत्येक ब्रेकने ताकद खर्च होते आणि वळताना चेन हिम आडवं खरवडते. म्हणून मऊ पट्ट्यात वळणं टाळून सरळ रेषेत जाणं हे शहाणपणाचं.

बाकीचे बदल थोडक्यात. चालकाभोवती कॅनव्हासचा आडोसा, उलटलं तर जीव वाचावा म्हणून लोखंडी दांड्यांचा सांगाडा, थंडीत सुरू होण्यासाठी दणकट बॅटरी आणि स्टार्टर. मागे एका स्लेजवर छोटी खोली, राहायला आणि रेडिओला.

चढण, भेगा आणि मऊ पठार

१४ ऑक्टोबर १९५७ ला तीन फर्ग्युसन आणि एक वीझल स्कॉट बेसवरून निघाले. आधी समुद्रावर तरंगणारा रॉस बर्फपट्टा, मग स्केल्टन हिमनदीवरून चढण, ऑक्टोबर संपता संपता पठार. वाटेतले डेपो मैलांवरून ओळखले जात: डेपो ४८०, डेपो ७००. इंधनाची पिंपं विमान आणून टाकत होतं, कुत्र्यांच्या तुकड्या पुढे वाट शोधत होत्या.

या प्रवासात ट्रॅक्टर तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवरून गेले आणि प्रत्येकाने वेगळी परीक्षा घेतली.

वाऱ्याने कोरलेल्या टणक लाटा, ज्यांना सस्त्रुगी म्हणतात, तिथे पकड भरपूर पण हाल बेसुमार. टायरवर फिरणारी चेन एका लाटेवरून दुसऱ्या लाटेवर आपटत जाते. तिथे काळजी पकडीची नसते, जोडण्या तुटण्याची असते. उघड्या बर्फाच्या पट्ट्यांवर उलट. तिथे क्षेत्रफळ काही कामाचं नाही, पोलादी पट्टीची कड बर्फात किती रुतते तेच ठरवतं. सगळं वजन जितक्या कमी कडांवर येईल तितकी ती रुतेल. हिमात हवी पसरट चेन, बर्फावर हवे अणकुचीदार दात. एकाच चेनमध्ये दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. हिलरींची वाट बहुतांश हिमाची होती, म्हणून चेन हिमासाठी निवडली हे योग्यच झालं.

हिमभेगांवर झाकण घालणारे हिमाचे पूल हा तिसरा प्रश्न. पुलाला हलकं वजन आणि पसरलेला दाब लागतो, त्यात पूर्ण चेनने मदत केली. तरीही पूल खचण्याचा धोका संपत नव्हता, म्हणून ट्रॅक्टर एकामागे एक दोराने जोडून चालवले जात. एक खाली गेला तर मागचे-पुढचे त्याला धरून ठेवतील, अशी गिर्यारोहकांची पद्धत.

ही पद्धत जीव वाचवण्यासाठी आणली होती, पण तिने पकडीचाही प्रश्न बराच सोडवला. पठारावरचं हिम सगळीकडे सारखं नसतं. दहा मीटर टणक, पुढे पाच मीटर पीठ. एकटा ट्रॅक्टर पिठात शिरला की अडकतो. तिघं जोडलेले असले तर एक पिठात असताना दोघं टणक थरावर असतात आणि त्याला बाहेर काढतात. शिवाय पहिल्याने दाबलेल्या चाकोरीतून दुसरा आणि तिसरा जातो. दाबलेले दाणे एकमेकांना चिकटू लागतात आणि काही तासांनी ती चाकोरी आजूबाजूच्या हिमापेक्षा बरीच कणखर होते. थंडी जितकी जास्त तितकं हे हळू घडतं. सगळ्यात जास्त कष्ट अर्थातच पुढच्या ट्रॅक्टरचे.

वीझल डेपो ७०० च्या अलीकडेच यांत्रिक बिघाडाने सोडून द्यावी लागली. हिमासाठी खास बनवलेली गाडी वाटेत पडली आणि शेतीचे तिघं चालत राहिले. मला हे आश्चर्याचं वाटत नाही. पाच लाखांच्या वर बनलेल्या यंत्राचे दोष वर्षानुवर्षं शेतकऱ्यांनी रोज वापरून उघडे पाडलेले असतात. साधं इंजिन, मोजके भाग, आणि ते उघडून बसवू शकणारे एलिस आणि बेट्स सोबत.

१५ डिसेंबरला डेपो ७०० लागला. २० डिसेंबरला पुढच्या ५०० मैलांसाठी ते निघाले, आणि खरी कसोटी इथून होती. एक तर उंची. ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. थंड हवा दाट असल्याने थोडी भरपाई होते, तरी इंजिनाची पाचवा हिस्सा ताकद गेली असं धरायला हरकत नाही. २८ चे २२-२३ राहिले. त्यात खोल, मऊ हिमाचे पट्टे. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये रांगत होते आणि चेन खणायला लागली होती.

तेव्हा त्यांनी जे केलं तो या प्रकरणाचा गाभा आहे. चेनमध्ये काही बदल करण्याची सोय वाटेत नव्हती. त्यांनी ओझं टाकलं. ज्याच्याशिवाय ध्रुव गाठता येईल ते सगळं सामान हिमावर ठेवून दिलं, आणि गाडी सुटली.

हे एवढं परिणामकारक का ठरलं? आकडे पुन्हा पाहा. १,४०० किलोच्या ट्रॅक्टरला अशा हिमात घर्षणातून साधारण ५०० किलोइतका जोर मिळतो असं धरलं. त्यातले समजा ३०० स्वतःच्या रुतण्यात गेले. हुकाला उरले २०० किलो. स्लेजला ओढायला २१० लागत असतील तर ट्रॅक्टर एक इंचही पुढे जाणार नाही, उलट खड्डा खणेल. ओझं दहा टक्के कमी केलं की १९० लागतात आणि ट्रॅक्टर चालू लागतो. चेनची पकड दहा टक्क्यांनी वाढवायची तर महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये घालवावे लागतात. ओझं दहा टक्क्यांनी कमी करायला अर्धा तास लागतो. शिवाय स्लेज हलकी झाली की तीही कमी रुतते, म्हणजे फायदा दुहेरी.

माझं मत असं की हा निर्णय आणखी आधी घ्यायला हवा होता. ध्रुवावर पोचले तेव्हा इंधन अगदी थोडे मैल पुरेल इतकंच उरलं होतं. मऊ हिमात प्रत्येक रुतणं आणि प्रत्येक जागेवरचं फिरणं पेट्रोल जाळत होतं. जादा सामान पुढे नेण्यासाठी जळलेलं पेट्रोल हे नंतर टाकलेल्या सामानापेक्षा मौल्यवान होतं. पण उणे तापमानात, चोवीस तास उन्हाच्या झगझगाटात, झोपेविना ट्रॅक्टर हाकणाऱ्या माणसांना हे तिथे दिसणं किती अवघड, ते मी समजू शकतो.

हिलरींनी नंतर कंपनीला तारेने कळवलं की मऊ हिम आणि मोठी उंची अशा अगदी प्रतिकूल परिस्थितीतही फर्ग्युसननी उत्तम काम केलं. फुक्स १९ जानेवारीला ध्रुवावर आले आणि २ मार्च १९५८ ला चारही स्नो-कॅटसह स्कॉट बेसला पोचले. त्यांच्या वाटेत भेगांचा त्रास फार मोठा होता. एक स्नो-कॅट मोठ्या भेगेवर लोंबकळतानाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. चार स्वतंत्र पाय असल्यामुळे तिचा एक पाय हवेत गेला तरी बाकीचे तिला धरून ठेवू शकत. फर्ग्युसनकडे ही सोय नव्हती, त्यांची सोय एकमेकांना बांधलेला दोर.

पुढच्या अभियंत्यांनी काय उचललं

आज मॅकमर्डो या अमेरिकन तळाहून ध्रुवापर्यंत सुमारे १,६०० किलोमीटरची अमेरिकन ट्रॅक्टर-वाट आहे, लेव्हरेट हिमनदीवरून चढणारी. तिथे रबरी चेनचे शेकडो हॉर्सपॉवरचे शेती-ट्रॅक्टरच चालतात. मोठी सुधारणा मात्र मागे झाली: पोलादी घसरपट्ट्यांच्या स्लेजऐवजी गुळगुळीत प्लॅस्टिकचे रुंद पत्रे आणि त्यांवर थेट पसरलेल्या रबरी पिशव्यांत इंधन. सुमारे ३,००० गॅलनच्या अशा पिशव्या पत्र्यावर पसरून ओढल्या की दाब पसरतो, स्लेजचं स्वतःचं वजन जवळपास नाहीसं होतं आणि तेच ट्रॅक्टर कितीतरी जास्त इंधन नेतात.

अंटार्क्टिकावरच्या आपल्या मैत्री स्थानकावरची माणसंही याच प्रश्नाशी रोज झुंजतात. गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून जाणाऱ्या मोहिमांचं सामान जहाजापासून मैत्रीपर्यंत सुमारे १०० किलोमीटर बर्फावरून पिस्टनबुलीसारख्या चेनच्या गाड्या स्लेजवर ओढतात.

चेनची मशीन हिमात चालवणाऱ्यांसाठी

लडाख, झोजी ला, सिक्कीम इथे सीमा सडक संघटनेसाठी डोझर आणि पोकलेन चालवणारे पुष्कळ आहेत, त्यात मराठी मुलंही असतील. फर्ग्युसनच्या प्रकरणातून त्यांना उपयोगी पडेल असं काही आहे, ते लिहितो.

हिमात चेन घट्ट ठेवू नका. दातचक्र आणि कड्यांमध्ये हिम भरतं, दबून बर्फ होतं आणि चेन आपोआप ताणली जाते; आधीच घट्ट असेल तर चेनच्या जोडांतल्या पिना आणि बुश झिजतात. हिमाच्या कामासाठी मधोमध भोकं असलेले शू, म्हणजे चेनच्या आडव्या पट्ट्या, मिळतात, त्या भोकांतून भरलेलं हिम बाहेर पडतं. मऊ हिमात रुंद शू, पण त्याच रुंद शूने खडकावर काम करू नका, वाकतात. उघड्या बर्फावर झिजलेल्या ग्राउझरची (शूवरच्या उभ्या धारेची) मशीन उतारावर नेऊ नका. तिथे पकड फक्त धारेची असते आणि झिजलेल्या पट्टीला धार नसते. चढणीवर चेन फिरायला लागली की लगेच थांबा, त्याच चाकोरीतून मागे या, तिला थोडा वेळ घट्ट होऊ द्या, मग पुन्हा त्याच चाकोरीतून चढा. नव्या हिमात दुसरी वाट काढण्यापेक्षा हे बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

आणि रात्री मशीन उभी करताना चेनखालचं हिम आणि चिखल खरवडून काढा, खाली फळ्या टाका आणि त्यांवर उभी करा. ओली चेन रात्रीत जमिनीला गोठते. सकाळी जोर लावून सुटली नाही तर आधी इंजिन आणि तेल पूर्ण तापू द्या, मग एकेका बाजूची चेन हळूहळू मागेपुढे हलवून सोडवा.